नऊ खुर्च्या आणि सात माणसं

खुर्च्या नऊ होत्या. भिंतीला लावून ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीसमोर पाण्याची एक बाटली. छापा घालायला येणाऱ्यांसाठी कुणी खुर्च्या मांडून ठेवतं का? इथे ठेवल्या होत्या.

तपास अधिकारी बाई दारातच थबकल्या. देशात कर बुडवायचा आणि पैसा परदेशात नेऊन दडवायचा, असल्या मंडळींच्या मागे लागणं हे त्यांचं काम. एकदा धरलेली फाइल सोडत नाहीत म्हणून कचेरीत त्यांना मागून ‘गोचीड’ म्हणत. बाईंना हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

“या, या,” मालक म्हणाला. “बसा ना सगळे.”

या मालकाची शहराबाहेर सात शीतगृहं होती. धंदा थंड, माणूसही थंड, म्हणून कचेरीने त्याचं नाव ठेवलं होतं थंडोबा. पांढरा शर्ट, कपाळावर घामाचा थेंब नाही. त्याने बिस्किटांच्या बश्या पुढे केल्या.

“तुमच्यात शेंगदाणे न चालणारे कोण? त्यांची बशी वेगळी ठेवलीय हो.”

बाईंच्या मागे उभी असलेली सहा माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. सहाजण आणि बाई, एकूण सात. शेंगदाण्यांचं वावडं कुणालाच नव्हतं.

“आमचं खाणं आमच्याबरोबर असतं,” बाई कोरडेपणाने म्हणाल्या. “कपाटांच्या किल्ल्या द्या.”

किल्ल्या लगेच मिळाल्या. तिथेच काय ते कळलं. कपाटं रिकामी, आतली धूळसुद्धा पुसलेली. कॉम्प्युटर इतके नवे की पडद्यावरचा प्लास्टिकचा कागदही निघाला नव्हता. संध्याकाळपर्यंत उचकापाचक करून हाती काय लागलं? कामगारांच्या हजेरीचं एक रजिस्टर. निघताना थंडोबा गाडीपर्यंत पोचवायला आला आणि वर म्हणाला, “पुन्हा या.” बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

हा तिसरा छापा.

पहिला दोन वर्षांपूर्वी घातला होता. तेव्हा थंडोबा गाफील सापडला आणि एक बिल हाती लागलं. दूरच्या एका बेटावरच्या कंपनीकडून त्याने थंडाव्याची यंत्रं तिप्पट भावाने घेतली होती. सरळ गोष्ट आहे. इथे तोटा दाखवायचा, म्हणजे कर नको. आणि तो ‘तोटा’ तिकडे बेटावर आपल्याच कंपनीत जमा करायचा. पण थंडोबाचं म्हणणं, “ती कंपनी कुणाची मला काय माहीत? मी आपला गिऱ्हाईक.”

कंपनी कुणाची हे बेटाच्या सरकारला विचारावं लागतं. बाईंनी विचारलं. उत्तर यायला चौदा महिने लागले. चौदा! तेवढ्यात दुसरा छापा घातला, तोही असाच फुसका निघाला. ‘बेटावरून त्याला कळलं असेल,’ असं म्हणून सगळ्यांनी हात झटकले. गेल्या महिन्यात अखेर उत्तर आलं, तेही काय थाटाचं! कंपनी बंद झाली आहे, शिल्लक दुसऱ्या एका बेटावर गेली आहे, आणि त्या दुसऱ्या बेटाशी आपल्या सरकारचा करारच नाही. सोबत खर्चाची यादी, माणसांची नावं काळ्या शाईने खोडलेली. न खोडलेल्या ओळी तीनच: एक वकिलाची कचेरी, एक विमा कंपनी आणि एक परदेशी पशुवैद्यकीय महाविद्यालय, ‘वसतिगृह व शिक्षण शुल्क’.

“थंडोबाला मूलबाळ नाही. गुरांचा डॉक्टर कोण होतंय?” बाईंनी तेव्हा विचारलं होतं.

“असेल कुणी पुतण्या,” मोठे साहेब म्हणाले होते, आणि यादी फाइलला लागली.

छाप्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मोठ्या साहेबांच्या खोलीत बसल्या होत्या. साहेबांचा चेहरा आंबलेला. वरून फोन आला होता, म्हणजे बोलणी खाऊन झाली होती.

“आपल्याच घरातलं कुणीतरी फुटलंय,” साहेब म्हणाले. “कुठे छापा घालायचा हे मला आणि तुम्हाला माहीत होतं. बाकीच्यांना गाडीत बसल्यावर पाकीट फोडून कळलं. बरोबर?”

“बरोबर. पण त्याला नऊजण येणार हे माहीत होतं. आम्ही सात होतो.”

“मग?”

“आदल्या दिवशी नऊ ठरले होते. तिजोऱ्या उघडायला कुलूपवाला आणि त्याचा जोडीदार येणार होते. कुलूपवाल्याला ताप आला, पहाटे त्याने कळवलं, दोघेही गळाले. आणि साहेब, शेंगदाणे त्या कुलूपवाल्यालाच चालत नाहीत. त्याचा घसा सुजतो. मी आज त्याला फोन करून विचारलं.”

“हे आपल्याकडे कुणाला ठाऊक होतं?”

बाई जरा घुटमळल्या. “कुलूपवाल्याशी बोलले ते नाना. फाइलही त्यांच्याच कपाटातून निघते.”

नाना म्हणजे हेडक्लार्क. बत्तीस वर्षं त्याच कचेरीत, त्याच खिडकीपाशी. कागदाला टाचणी कुठे लावायची हेसुद्धा नव्या अधिकाऱ्यांना नानांनी शिकवलेलं. आठ दिवसांनी, महिनाअखेरीला ते निवृत्त व्हायचे होते.

तेवढ्यात दार ढकलून लेखाधिकारी आत आले. यांना सगळे पावतीसाहेब म्हणत, कारण पावती दाखवल्याशिवाय ते देवालाही नवसाचे पैसे देणार नाहीत अशी ख्याती. हातात बाईंचा खर्चाचा कागद.

“मॅडम, गाड्या तीन नेल्यात. माणसं सात. दोन गाड्यांत भागलं असतं.”

“आत्ता नको हो,” बाई वैतागल्या.

“मला काय, लेखापरीक्षक विचारतील तेव्हा तुम्हीच उत्तर द्या.” कागद टेबलावर ठेवून ते गेले.

मग नानांना बोलावलं. नाना उभेच राहिले.

“कुलूपवाल्याशी कोण बोललं?” साहेबांनी विचारलं.

“मी.”

“शेंगदाण्याचं तुम्हाला माहीत होतं?”

“हो. त्यानेच सांगितलं फोनवर.”

“कुणाला सांगितलंत?”

“कुणालाच नाही. साहेब, तो कागद...”

“कागदाचं विचारत नाहीये. सांगितलंत की नाही, हो की नाही एवढंच बोला.”

“नाही.”

नाना बाईंकडे बघत होते. बाई टेबलाकडे बघत होत्या.

निलंबनाच्या टिपणावर दोन सह्या लागतात. दुसरी बाईंची होती. पेन उचलताना त्यांना बरं वाटत नव्हतं, पण पुरावा समोर होता आणि साहेब घड्याळ बघत होते. चौकशी लागलेल्या अवस्थेत निवृत्त झालं की चौकशी संपेपर्यंत पेन्शन अडकते, आणि त्या खात्यातल्या चौकशा संपल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. बाईंना हे माहीत होतं. सही त्यांनी केली.

पुढचे चार दिवस भयंकर गेले. बाई नानांच्या फोनची यादी तपासत बसल्या. बायको, मुलगी, दूधवाला, डोळ्यांचा दवाखाना. संशय घ्यावा असा एकही नंबर नाही. बँकेचं खातं बघितलं, तर आठवड्याला ठरलेली किरकोळ रक्कम काढणारा माणूस. कुणी लाच घेतली असेल तर ती घेऊन याने काय केलं, लोणचं घातलं?

पाचव्या दिवशी दुपारी त्या खाली कँटीनला गेल्या. कँटीन चालवणाऱ्या मावशी त्यांना बघताच उसळल्या.

“आलात का? बरं झालं. छाप्याच्या डब्यांचं बिल तुमच्या त्या पावतीसाहेबाने परत पाठवलंय. मी काय धर्मशाळा काढलीय?”

छापा दिवसभर चालतो आणि ज्याच्यावर छापा त्याच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असा त्या खात्याचा नियम. म्हणून डबे मावशींकडून जात. आदल्या दिवशी डब्यांची चिठ्ठी लिहायची, लेखा शाखेची मंजुरी घ्यायची, मग ती मावशींकडे यायची.

“परत का पाठवलं?” बाईंनी विचारलं.

“म्हणे मंजुरी नऊची आणि डबे सात. मला चिठ्ठी आली सातची, मी सात दिले.”

“चिठ्ठी तुम्हाला कधी मिळाली?”

“त्याच दिवशी सकाळी, कँटीन उघडल्या उघडल्या. नाना घेऊन आले. माझ्यासमोर नऊचे सात केले, सही ठोकली.”

“आदल्या दिवशी तुम्हाला काहीच कळलं नव्हतं?”

“कसं कळणार? आदल्या दुपारपासून ती वर लेखा शाखेच्या ट्रेमध्ये पडून होती. नेहमीच असते. म्हणून तर माझी सकाळी धांदल उडते.”

“चिठ्ठी आहे?”

मावशींनी भिंतीवरच्या तारेकडे बोट केलं. तारेत चिठ्ठ्या ओवलेल्या होत्या, दोन-अडीच वर्षांच्या. बिलं उशिरा निघतात म्हणून त्या एकही टाकत नसत. बाईंनी तार काढली आणि तिथेच स्टुलावर बसून तीन चिठ्ठ्या बाजूला केल्या.

तिसऱ्या छाप्याची चिठ्ठी नानांच्या अक्षरात. ‘नऊ डबे, पैकी एक शेंगदाण्याविना.’ नऊ खोडून सात, शेंगदाण्याची ओळ खोडलेली. कोपऱ्यात फाइल क्रमांक.

पहिल्या छाप्याची चिठ्ठी, तीही नानांची. तिच्यावर फाइल क्रमांक नव्हता.

दुसऱ्या छाप्याची चिठ्ठी बघून बाई स्टुलावरून उठल्याच. अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. त्या आठवड्यात नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते, डोळ्याला पट्टी बांधून घरी पडलेले. चिठ्ठी बाईंनीच लिहिली होती आणि पावतीसाहेबांनी ती परत पाठवली होती: ‘फाइल क्रमांक टाका. लेखापरीक्षेचा नियम आहे.’ बाईंनी चरफडत तो टाकला होता.

“काय झालं हो? पाणी देऊ का?” मावशी म्हणाल्या.

“मी गाढव आहे, मावशी,” बाई म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या.

लेखापरीक्षकांच्या कचेरीत फोन लावणं म्हणजे डोक्याला ताप. पहिल्याने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने जेवणाच्या सुट्टीनंतर करा म्हणून सांगितलं, तिसऱ्याला परिपत्रकाचा क्रमांक हवा होता. “क्रमांक असता तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?” बाई ओरडल्या. त्यात दोन दिवस गेले. शेवटी महिनाअखेरीच्या दिवशी सकाळी तिथल्या एका वयस्कर बाईंनी सगळी परिपत्रकं चाळून उत्तर दिलं आणि तेच लेखी पाठवलं.

मग बाई कसलंसं निमित्त काढून लेखा शाखेत गेल्या. पावतीसाहेब जाग्यावर नव्हते. त्यांच्या टेबलावर काचेखाली एक फोटो होता. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली एक हसरी मुलगी, काखेत वासरू धरून. बाईंनी तो शंभरदा बघितला असेल.

दुपारी दोन वाजता मोठ्या साहेबांच्या खोलीत पाचजण होते. साहेब, बाई, पावतीसाहेब, एप्रन न काढताच आलेल्या मावशी, आणि घरून बोलावून आणलेले नाना. नानांना खुर्ची बाईंनी स्वतः ओढून दिली.

“आटपा लवकर,” साहेब म्हणाले.

“आटपते. थंडोबाला आपण येणार हे कळलं होतं, पण चुकीचं कळलं होतं. नऊ माणसं आणि शेंगदाण्याची एक बशी. सकाळी बदल झाला, तो त्याच्यापर्यंत पोचला नाही. म्हणजे निरोप आदल्या दिवशी गेला. आता हे दोन्ही तपशील एकत्र कुठे होते? छाप्याच्या आदेशात कुलूपवाल्याच्या घशाचं काही नसतं. ते होतं एकाच कागदावर, डब्यांच्या चिठ्ठीवर.”

“ती नानांनीच लिहिली ना?” साहेब म्हणाले.

“लिहिली. पण दुसऱ्या छाप्याच्या वेळी नाना डोळ्याला पट्टी बांधून घरी होते. ती चिठ्ठी मी लिहिली होती. तरी बातमी फुटली. तेव्हा आपण बेटाच्या नावाने बोटं मोडली.”

“मग या?” साहेबांनी मावशींकडे हात केला.

“वा रे वा!” मावशी कडाडल्या.

“मावशींच्या हातात चिठ्ठी आली तीच सातची होऊन. त्यांनी कळवलं असतं तर खुर्च्या सात मांडल्या असत्या.” बाई वळल्या. “नऊ आकडा न खोडलेली चिठ्ठी दुपारपासून सकाळपर्यंत एकाच ठिकाणी होती. तुमच्या ट्रेमध्ये, पावतीसाहेब.”

पावतीसाहेब हसले. “ट्रेमध्ये शंभर कागद असतात, मॅडम. आणि चिठ्ठीवर छाप्याचं ठिकाण कुठे असतं?”

“नसतंच. आपण फोन काढून घेतो, पाकिटं सीलबंद करतो, ड्रायव्हरलाही पत्ता सांगत नाही. पण चिठ्ठीवर फाइल क्रमांक असतो. आणि खर्चाची नोंद ठेवणाऱ्याला कुठला क्रमांक कुणाचा हे पाठ असतं. हा क्रमांक टाकायला कुणी लावलं?”

“लेखापरीक्षेचा नियम आहे.”

“कधीपासून?”

“झाली की दोन वर्षं.”

“पहिल्या छाप्यानंतर लगेच. त्या छाप्याच्या चिठ्ठीवर क्रमांक नाही, आणि तेवढाच एक छापा यशस्वी झाला. परिपत्रक दाखवता?”

“शोधावं लागेल.”

“शोधू नका. असं परिपत्रकच नाही. हे लेखापरीक्षकांचं आजचं पत्र.” बाईंनी कागद साहेबांपुढे सरकवला. “नियम यांनी स्वतःच काढला. आणि आपण सगळ्यांनी मुकाट्याने पाळला. का? तर आणखी एक रकाना भरायला सांगितला की या कचेरीत कुणाला आश्चर्यच वाटत नाही. सूट दिली असती तर दहाजणांनी परिपत्रक मागितलं असतं!”

पावतीसाहेबांचं हसू अजून ओठावर होतं, पण ते विसरून राहिल्यासारखं.

“आणि मला यातून काय मिळालं?” त्यांनी विचारलं.

“तुमची मुलगी परदेशात काय शिकते?”

“तिचा यात काय संबंध?”

“गुरांची डॉक्टर होतेय ना? बेटाच्या कंपनीने एका पशुवैद्यकीय महाविद्यालयाची फी भरली आहे. यादी गेला महिनाभर आपल्या फाइलमध्ये पडून आहे.”

“तिला शिष्यवृत्ती आहे!”

“फार छान. शिष्यवृत्तीचं पत्र दाखवा. नाहीतर फी भरल्याची पावती दाखवा. तुमच्याकडे नाही असं कसं होईल?”

वीस वर्षं लोकांना ज्या प्रश्नाने रडवलं, तो पहिल्यांदाच त्यांच्यावर उलटला होता.

“तिला प्रवेश मिळाला होता,” शेवटी ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. “मेहनतीने मिळवला होता पोरीने. फीचा आकडा बघून मी तिला नाही म्हणालो. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. मग पहिल्या छाप्यानंतर त्याचा माणूस घरी आला.” त्यांनी मान वर केली. “तिला यातलं काही माहीत नाही. यापुढे मी वकिलाशिवाय बोलणार नाही.”

“एवढं तरी सांगा, फी थंडोबानेच भरली ना? ती कंपनी त्याचीच ना?” बाई पुढे झुकल्या.

“वकिलाशिवाय नाही.”

साहेबांनी पोलिसांना फोन लावला. पावतीसाहेबांना घेऊन गेल्यावर ते बाईंना म्हणाले, “फितूर सापडला. चांगलं झालं. पण थंडोबा?”

“याने जबाब दिला तर अडकेल.”

“आणि पैसा?”

“तो दुसऱ्या बेटावर आहे. आपला तिथे करार नाही.” बाईंनी हाताची मूठ टेबलावर आपटली. “दोन वर्षं, साहेब! तीन छापे, चौदा महिन्यांची वाट. आणि सापडलं कोण, तर फी भरायला पैसे नसलेला बाप!”

साहेबांनी नानांचं निलंबन रद्द केल्याचा आदेश टाइप करायला पाठवला. तो यायला साडेचार वाजले. नानांच्या नोकरीचा अर्धा तास उरला होता. तेवढ्यासाठी ते आपल्या खिडकीपाशी जाऊन बसले आणि आठ दिवसांचं साचलेलं टपाल लावायला लागले.

बाई आदेश घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. “नाना, पेन्शन आता अडकणार नाही. मी स्वतः पाठपुरावा करीन.”

“बरं.”

“मी सही करायला नको होती. तुम्ही कागदाचं सांगत होतात, मी ऐकलं नाही. माझं चुकलं. माफ करा.”

नानांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

“बाई, तुम्ही बोललात, बरं वाटलं. पण मी घरी सांगितलं होतं, रजा शिल्लक आहे म्हणून घेतली. बायकोला दुसऱ्याच दिवशी बाहेरून कळलं. ती मला काही बोलली नाही. रोज सकाळी विचारायची, आज काय बेत? मी म्हणायचो, आराम. आठ दिवस दोघं एकमेकांना सांभाळत खोटं बोललो. बत्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हा आदेश आला म्हणून ते दिवस कुठे रद्द होतात?”

बाईंचे डोळे भरून आले, त्याचा त्यांना रागही आला. बाहेर लोक ड्रॉवर बंद करून निघायला लागले होते.

“मी येते तुमच्याबरोबर,” त्या एकदम म्हणाल्या. “मी सही केली होती, हे तुमच्या बायकोला मीच सांगते. काय बोलायचं ते मला बोलू दे त्यांना.”

“ती बोलेल हं. मागेपुढे बघायची नाही.”

“बोलू दे.”

नानांनी ड्रॉवरची किल्ली काढून टेबलावर ठेवली, खुर्ची आत सरकवली आणि पिशवी उचलली.

“चला तर मग,” ते म्हणाले. “सहानंतर ती शेजारी जाऊन बसते.”